मुशीत गेलेला बादशहा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून रोमन बादशहाची माफी मागायची राहून गेलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा! लोकांचे मामेसासरे सणासुदीला येतात, तब्येत विचारतात, गावाकडं पाऊस नाही म्हणून उसासा टाकतात आणि जेवून पुढच्या गाडीनं परत जातात. आमचे मामा यायचे ते आटपाडीच्या एस्टीतून उतरल्यापासूनच माणसांच्या नाकांकडं बघत यायचे. समोरून नाही, बाजूनं. कंडक्टर तिकीट फाडत असला की हे सीटवरून वाकून त्याच्या कानामागून त्याला न्याहाळणार. लग्नात सगळी मंडळी स्टेजसमोर बसलेली असताना मामा मंडपाच्या खांबाला टेकून कडेनं नवरदेवाकडं बघत उभे राहणार. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांच्या डोळ्यात बॅटरी मारली, तर हे त्यांनाच म्हणाले, "डागदर, त्ये ऱ्हाऊ द्या, जरा तकडं बघा बरं." डॉक्टर सज्जन असावेत, त्यांनी तिकडं बघितलं.

माझी नि त्यांची पहिली भेट या नाकानंच घडवली. मी सातारच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मुलगी बघायला म्हणून आम्ही आटपाडीजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो, पण बघणं झालं ते माझं. पोहे अर्धे खाऊन झाले होते, एवढ्यात डोक्याला पिवळा फेटा गुंडाळलेला एक उंच गृहस्थ आत आला आणि मला म्हणाला, "पावणं, जरा भित्तीकडं तोंड करा." मी केलं. करणार काय! "हनुवटी वर घ्या. आता थोडी खाली. हां." मिनिटभर त्यांनी माझ्याकडं बघितलं, च्च केलं आणि मान हलवली. "न्हाई. ह्यो न्हवं." झालं! आमचे वडील तापट. बशी आपटून उठले, चपला शोधायला लागले. तेव्हा मामा त्यांच्या आडवे आले. "आवं, बसा की! पोराला नाव ठेवलं का म्या? नाक लाखात एक हाय त्याचं. मी दुसऱ्याच माणसाला हुडकतोय." तो दुसरा माणूस कोण, हे त्या दिवशी विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. मी चित्रकला मास्तर आहे एवढं कळल्यावर मात्र त्यांनी तिथल्या तिथं लग्न ठरवून टाकलं. भाचीला चांगलं स्थळ मिळालं म्हणून ते खूश झाले असावेत अशी माझी समजूत होती.

लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत ती समजूत दूर झाली. दुपारची जेवणं झाली होती. मामांनी मला अंगणातल्या लिंबाखाली बोलावलं, माझ्या मांडीवर कागद ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, मी सांगतो तसा एक मानूस काढा." मग सगळी हकिकत सांगितली. आटपाडी-विट्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्याला गलाई म्हणतात. मामांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, पण मामा आपल्या चुलत्याबरोबर पार कोईमतूरला गेले आणि चाळीस वर्षं तिथं भट्टीपुढं बसले. चुलत्यानं पहिल्याच दिवशी एक रीत शिकवली. गाळायला आलेल्या डागाचं, म्हणजे दागिन्याचं, रूप बघायचं नाही, फक्त कस बघायचा. कारण मोडीत येणारा प्रत्येक डाग कुणाच्या तरी घरातलं काही मोडल्यावरच येतो. कुणाचं मंगळसूत्र, कुणाच्या बाळाचं कडं. ते बघत बसलं तर हात चालत नाही. मामांनी ती रीत जन्मभर पाळली, आणि नेमकी तिनंच त्यांना गोत्यात आणलं.

"एक दिवस एका म्हातारीनं चिंचोक्याएवढं सोनं आणलं," मामा म्हणाले. "शेतात घावलंय म्हनली. म्या अंगठ्यानं चाचपलं, दगडावर घासलं. कस बगितला तर असा की आमच्या भट्टीतनंबी निगत न्हाई. टाकलं मुशीत. आन्‌ जाळ लागला तवा नजर पडली बगा. त्यावर मानूस हुता! एका अंगाचं तोंड. डोक्याला पानांची माळ, मागं फेट्याच्या शेमल्यासारखी दोन टोकं लोंबत्यात. म्या चिमटा उचलंस्तवर नाक गेलं, मग कपाळ. शेवटाला नुसता कान ऱ्हायला हुता." एवढं बोलून मामा अंगठा बोटावर चोळत राहिले. वर्षभरानं गावाकडचे पाहुणे आले म्हणून त्यांना घेऊन ते तिथल्या संग्रहालयात गेले, तर काचेत तशाच जातीचं नाणं! चेहरा वेगळा, पण माळ तीच. शेजारच्या माणसानं पाटी वाचून दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाणं, मिऱ्याच्या व्यापारातून आलेलं. "दोन हजार वर्सं त्यो गडी जिमिनीत सुखरूप हुता, जावईबापू. आन्‌ माज्या म्होरं घटकाभर टिकला न्हाई. कोन हुता त्योबी मला ठावं न्हाई. तवापासनं जित्त्या मानसांत त्येचं तोंड हुडकतोय. निदान कोन हुता त्ये कळलं तर चुकलो म्हनीन."

तेव्हापासून मी बादशहा काढतोय. नाक जरा खाली घ्या, गाल भरा, मान जाड करा! दर दिवाळीत चार-पाच. एक अगदी आमच्या हेडमास्तरांसारखा उतरला, तो मी फाडून टाकला. एक माझ्या धाकट्या मेव्हण्यासारखा दिसतो म्हणून बायकोनं लपवून ठेवलाय. प्रत्येक चित्र मामा हातभर लांब धरायचे, मग नाकाजवळ आणायचे, आणि तोच निकाल द्यायचे, "जवळ आलाय, पर त्यो न्हवं." मोबाईलवर अशी हजार नाणी बघायला मिळतात हे मी त्यांना कितीदा सांगितलं! एकदा दाखवलीही. पाच मिनिटांत त्यांच्या डोळ्यांना पाणी सुटलं. "फोटूत समदीच सारखी दिसत्यात वो. हातात घेतल्याबिगर वळख कशी पटंल?" त्यात भट्टीकडं बघून बघून डोळे आधीच अधू झालेले, त्याला काचबिंदूची जोड मिळाली. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी ते माझ्या बायकोला सांगितलं नाही, मला सांगितलं. "बिगीबिगी हुडकाय पायजे आता," एवढंच पुढं बोलले.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक लहानसं वस्तुसंग्रहालय आहे. चार खोल्या, त्यांत अडकित्ते, समया, गंजलेल्या तलवारी आणि वाळवी लागलेली एक पालखी. ते सांभाळणाऱ्या बाई मोठ्या उत्साही. पण शिस्तीच्याही! कोणी काचेला नुसतं बोट टेकलं तरी पलीकडच्या खोलीतून "हात लावू नका" असा आवाज येतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या संग्रहालयाकडून एक फिरतं प्रदर्शन मागवलं. नाव होतं 'आपल्या घरातलं रोम'. आपल्या रोजच्या जगण्यात प्राचीन रोमचं काय काय येऊन बसलंय ते दाखवणारे चार रविवारचे चार कार्यक्रम. शाळेच्या फळ्यावर ती सूचना वाचली आणि मी वर्ग सोडून व्हरांड्यात येऊन मामांना फोन लावला. शेवटच्या रविवारी नाणी होती.

मामा पहिल्या रविवारी सकाळीच हजर. पिवळा फेटा, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि कोटाच्या खिशात बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी. ही पुडी त्यांच्या अंगावर कायम असते. नवीन काही दिसलं की ते त्याला हळदीची चिमूट लावतात. माझ्या स्कूटरला लावली, मिक्सरला लावली, जाताना मोबाईललाही लावली. त्या दिवशी पाण्याचा विषय होता. बाईंनी पडद्यावर उंच उंच दगडी कमानींचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की डोंगरातलं पाणी रोमन लोक असं कमानींवरच्या पाटातून शहरात आणत. मागच्या खुर्चीवरून मामा ताडकन उभे राहिले. "बाई, ह्यो तर आमच्या गावचा हाय!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मामांना पुढं बोलावलं. मग मामांनी अर्धा तास आपल्या गावच्या ओढ्यावरून खांबांवर गेलेल्या कालव्याचं वर्णन केलं. उतार किती ठेवतात, पाणी धावलं तर भिंत कशी खातं, रेंगाळलं तर गाळ कसा धरतं. कृष्णेचं पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवशी गावच्या बायका हळदीकुंकू घेऊन कालव्यावर कशा उभ्या होत्या आणि एक म्हातारी त्यात हात बुडवून कशी रडली, हेही सांगितलं. बाईंचा चष्मा ओला झाला. मग मामांनी एकदम विचारलं, "रोमात पानी आलं तवा नारळ फोडला हुता का?" बाई म्हणाल्या, तिकडं नारळ नव्हते. "मग टिकलं कसं?" मामा खरोखर काळजीत पडले.

झालं, त्या दिवसापासून कार्यक्रम बाईंचा राहिला नाही. दुसऱ्या रविवारी महिन्यांची नावं निघाली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश, आणि त्यांचं वर्ष मुळात मार्चपासून सुरू व्हायचं, असं बाईंनी सांगितल्यावर मामा इतके हरखले की परत जाताना त्यांनी अख्ख्या एस्टीला ते शिकवलं. तिसरा रविवार रोमन जेवणाचा. तिथले बडे लोक डाव्या कुशीवर आडवे होऊन जेवत, एवढं ऐकून मामा घरी आले आणि माझ्या दिवाणावर डाव्या कोपरावर रेलून म्हणाले, "पोरी, वाढ." बायकोनं माझ्याकडं बघितलं. भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खर्डा असा बेत होता. पहिले दोन घास थाटात गेले. तिसऱ्या घासाला खर्डा जायचा तिथं न जाता नाकात गेला. मामा जांभळे पडले, ठसका लागला, फेटा पिठल्यात पडला. "मामा, उठून बसा बघू आधी!" बायको ओरडली आणि तिनं त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पाणी पिऊन, डोळे पुसून ते मांडी घालून बसले आणि बराच विचार करून म्हणाले, "उगं न्हाई बुडालं राज्य."

त्या दिवशी जाताना मात्र त्यांची पावलं जड होती. एस्टी स्टँडवर त्यांनी माझा हात धरला. पुढच्या रविवारी नाण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती येणार होत्या, खऱ्यांच्याच वजनाच्या, आणि बाईंनी मामांनाच त्यांच्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. सोन्यातलं तुमच्याएवढं कोणाला कळतं, असं म्हणाल्या होत्या. "त्यांस्नी ठावं न्हाई म्या काय केलंय," मामा म्हणाले. "असलं जपायचा त्या जीव टाकत्यात. आन्‌ ज्यानं वितळवलं त्यालाच म्होरं उबं करत्यात. सांगितलं तर परत दारात उबं करतील का मला?" मी म्हणालो, मग सांगू नका. गुपचूप बघा, सापडला तर सापडला. मामांनी माझ्याकडं समोरून बघितलं, जे ते फारसं कधी करत नसत. "त्याची माफी मागायची, आन्‌ तीबी चोरून?" गाडी लागली आणि ते चढले. माझा तो आठवडा वाईट गेला. नाणं सापडलं तर मामा सगळं सांगून टाकणार आणि त्यांची संग्रहालयातली ती जागा जाणार, आणि नाही सापडलं तर पुढच्या वेळेपर्यंत डोळे राहतील की नाही कोणास ठाऊक. वर्गात मी आठवीच्या मुलांना फळं काढायला सांगून खिडकीतून बाहेर बघत बसायचो.

चौथ्या रविवारी खोली भरली होती. लांब टेबलावर हिरवं कापड, त्यावर ओळीनं वीस-बावीस नाणी, आणि शेजारी खुद्द बाईंच्या अक्षरातली पाटी, 'हात लावून बघा'. ती वाचून नेहमीच्या लोकांना आपण चुकीच्या इमारतीत आलो की काय असं वाटलं. मामांनी ठेवणीतला कोट घातला होता. दाढी करताना हनुवटी कापली होती. ते टेबलाशी गेले, सवयीनं मान वाकडी करून वाकले आणि तसेच थांबले. नाण्यांवरचे सगळे राजे आधीच बाजूला तोंड करून बसलेले! इतकी वर्षं ज्यांना वळा वळा म्हणत होते, ते एकदाचे वळून तयार होते, आणि आता मामांना तेच दिसत नव्हते. मी त्यांचा कोपर धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला, डोळे मिटले आणि पहिलं नाणं तळहातावर घेतलं. वजन बघितलं, अंगठा फिरवला, खाली ठेवलं. दुसरं, मग तिसरं. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मी मनातल्या मनात मोजत होतो. चौदाव्या नाण्यावर अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला. मामांनी दुसऱ्या हातानं फेटा काढला आणि काखेत धरला.

"ह्यो माज्या मुशीत गेला," मामा म्हणाले.

मग खोलीभर माणसांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारी, चुलत्याची रीत, मूस, शेवटी राहिलेला कान. एक शब्द गाळला नाही. मी पुढं होऊन नाणं बघितलं आणि खरं सांगतो, आधी मला रागच आला. नाक सरळ होतं! वीस वर्षं मी त्या माणसाला पोपटाची चोच काढत आलो. "मामा, अहो, हे नाक..." मी कुजबुजलो. "नाक म्या नीट बगितलंच न्हवतं, जावईबापू. कान सांगायचा ऱ्हायला तुमास्नी." बाई टेबलाच्या पलीकडं उभ्या होत्या, आणि मामा त्यांच्या दिशेनं तोंड करून शाळेतल्या पोरासारखे उभे होते. शेवटी बाईंनी हळूच विचारलं, "मामा, त्याच्या पाठीमागं काय होतं, आठवतंय?" मामांनी नाणं उलटलं नाही. "बाई हुती. खुर्चीवर बसलेली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फांदी. ती मला आधी लागली हुती हाताला, म्या म्हनलं आसंल कुनी देवी." बाईंनी नाणं त्यांच्या हातातून घेतलं, उलटलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फांदी. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मामा," बाई म्हणाल्या, "मनाला इतकं लावून घेऊ नका. या बादशहाची नाणी दक्षिणेत खूप सापडली आहेत. कितीतरी संग्रहालयांत आहेत." त्यांनी त्याचं नाव सांगितलं. मामांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही, सोडून दिलं.

"आसतील की, बाई. लय आसतील. पर माज्या हातात एकच आलं हुतं."

बाईंनी ते नाणं परत त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी खिशातून पुडी काढली. मी बाईंकडं बघितलं, कारण प्रतिकृती असली तरी ती शहरातल्या मोठ्या संग्रहालयाची होती आणि बाईंची शिस्त मला माहीत होती. पण बाईंना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं असावं. त्या तिकडं वळल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मामांनी चिमूटभर भंडारा रोमन बादशहाच्या कपाळाला लावला, नाणं आपल्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाले, "चुकलो, बाबा." इतकंच. मग फेटा पुन्हा बांधला आणि उरलेला तासभर सोन्याचा कस कसा ओळखावा यावर इतकं बहारदार बोलले की लोक उठेनात. निघताना दारात बाई म्हणाल्या, "मामा, पुढच्या महिन्यात समयांवर कार्यक्रम आहे. पितळेवर तुम्हीच बोलायचं." मामा मानेनं हो म्हणाले. प्रदर्शन परत पाठवताना खोकी भरायला मीही मदतीला गेलो होतो. बाईंनी सगळी नाणी मऊ फडक्यानं पुसून ठेवली, एक सोडून.

मामा अजूनही येतात. आता नजर जवळजवळ गेलीच आहे, भाचा त्यांना गाडीत बसवून देतो आणि मी स्टँडवर उतरवून घेतो. समयांवर बोलले, अडकित्त्यांवर बोलले, हात लावून वस्तूचं वय सांगतात. पण कंडक्टरकडं वाकून बघत नाहीत, लग्नात खांबाला टेकत नाहीत. चार माणसांसारखे पहिल्या रांगेत बसतात, आणि मला ते बघवत नाही. इतकी वर्षं त्या एका सवयीला मी वैतागलो, चारचौघांत लाजलो, आणि आता घरात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. परवा चहा पिऊन ते दिवाणावर बसले होते. दारातून उन्हाची तिरीप येत होती. मी मुद्दाम त्यांच्यासमोर स्टूल घेतलं, भिंतीकडं तोंड केलं, हनुवटी थोडी वर घेतली आणि काही न बोलता बसून राहिलो. त्यांना कसं कळलं देव जाणे, स्टूल सरकल्याचा आवाज आला असेल. त्यांनी हात पुढं करून माझा खांदा चाचपला, मग गाल, आणि अंगठा माझ्या कानावरून एकदा फिरवला.

"सरळ बसा, जावईबापू," ते म्हणाले. "मला आता तुमी दोनीकडनं सारखंच दिसताय."